लोकर कातरताना मेंढीला वेदना होतात का?

'लोकर काढताना मेंढीची कातडी सोलली जाते', हा समज शहरात बराच जुना आहे. तो चुकीचा आहे. लोकर आपल्या केसांसारखीच निर्जीव असते, ती कापताना दुखत नाही. दुखते ते कातर कातडीला लागल्यावर, आणि ते टाळता येते.

महाराष्ट्रातल्या दख्खनी मेंढ्या साधारणपणे वर्षातून दोनदा कातरतात. वर्षभरात एका मेंढीची लोकर जेमतेम अर्धा किलोच्या आसपास भरते. कातरण्याआधी मेंढी वाहत्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवतात. ओली लोकर गोळा करून ठेवली की कुजते. त्या दिवशी पोट रिकामे हवे. भरल्या पोटी आडवी पाडली की मेंढीला धाप लागते, मग ती झटापट करते आणि जखमा तिथेच होतात.

खरे कसब डाव्या हातात. त्याने कातडी ताणून धरायची आणि उजव्या हाताने कातर अंगालगत सपाट चालवायची. लोकर वर ओढली की तिच्याबरोबर कातडीही उचलली जाते आणि पात्यात सापडते. जांघ, काख आणि सड यांच्याजवळ तर टोक कधीच खाली रोखू नये. खरचटलेच तर लगेच हळद किंवा जंतुनाशक लावावे, नाहीतर माशी बसून किडे पडतात.

न कातरणे ही दया नव्हेच. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ सापडलेल्या भरकटलेल्या, मेरिनो या दाट लोकरीच्या जातीच्या मेंढ्याच्या अंगावरून ४१ किलोहून अधिक लोकर निघाली. त्या ओझ्याखाली त्याला धड चालताही येत नव्हते.