नववीच्या तक्त्यातलं ‘क्रेडिट’ आलं कुठून?

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या आठवीच्या मुलांच्या दप्तरातून (आता बहुतेकदा पोर्टलवरून) एक तक्ता घरी येतो. नववी ते बारावीचे चार रकाने, बाजूला विषय, तळाशी क्रेडिटची बेरीज. मराठी घरात हा तक्ता उघडला की हमखास विचारलं जातं, ‘दहा क्रेडिट म्हणजे कशापैकी दहा?’ मार्कांवर वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण क्रेडिट कशापैकीच नसतं. वर्षभर अमुक विषयाच्या तासाला बसलो आणि पास झालो, एवढीच ती पावती. मूल ‘ए’ने पास झालं की ‘डी’ने, पावती तेवढ्याच आकड्याची. आणि हा हिशेब सुरू झाला तो मुलांसाठी नव्हे, निवृत्त प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी.

त्याआधीचं थोडक्यात. १८९०च्या सुमारास अमेरिकेत १४ ते १७ वयाच्या शंभर मुलांमागे सातसुद्धा हायस्कुलात नव्हती, आणि कुठल्या कॉलेजला काय शिकून यावं लागेल याला धरबंध नव्हता. १८९२मध्ये नेमलेल्या दहा जणांच्या समितीने सांगितलं की कॉलेजला जाणारा असो वा नसो, विषय सगळ्यांना सारखाच शिकवा. १९१८मध्ये दुसऱ्या एका मंडळाने आरोग्य, घर, व्यवसाय, नागरिकत्व, फावला वेळ अशी वेगळीच उद्दिष्टं मांडली. आजच्या तक्त्यात ही दोन्ही घराणी शेजारी-शेजारी नांदतात. सक्तीचं अल्जिब्रा (बीजगणित) पहिल्या घराण्याचं, पी.ई.ची (शारीरिक शिक्षणाची) सक्तीची दोन वर्षं दुसऱ्याचं.

खरी गोष्ट घडली ती या दोन समित्यांच्या मधल्या काळात. १९०५मध्ये अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावं म्हणून १ कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे कुणाला? कॉलेजच्या प्राध्यापकांना. पण कॉलेज म्हणायचं कशाला? त्या काळी पाटीवर ‘कॉलेज’ आणि आत हायस्कूलचेच वर्ग, असा प्रकार सर्रास होता. तेव्हा विश्वस्तांनी जे निकष लावले, त्यात एक असा होता: प्रवेशासाठी हायस्कूलचं किमान १४ युनिट काम मागणारी संस्था ती कॉलेज. आता युनिट म्हणजे काय, हे सांगणं आलं. एक विषय, रोज एक तास, पूर्ण शालेय वर्ष. घड्याळाच्या हिशेबात साधारण १२० तास. पेन्शन सगळ्यांनाच हवं होतं, म्हणून कॉलेजांनी युनिटं मागायला सुरुवात केली आणि हायस्कुलं ती मोजायला लागली. संसदेत कायदा झाला नाही, कुणावर सक्ती झाली नाही. तरी काही वर्षांत देशभर हेच माप रुळलं. देणगीदाराच्या आडनावावरून त्याला कार्नेगी युनिट म्हणतात. मोफत पेन्शन मात्र पैसा पुरेना म्हणून बंद करावं लागलं, आणि १९१८मध्ये त्याच्या जागी वर्गणीची विमा-योजना आली.

इथपर्यंत सरळ आहे. गुंता होतो तो आकड्यांचा, कारण माप सगळीकडे तेच असलं तरी प्रत्येक राज्याने त्यावर आपापला आकडा छापला. टेक्ससमध्ये वर्षभराच्या विषयाला १ क्रेडिट, म्हणून तिथला डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) २२ क्रेडिटचा, आणि एखाद्या क्षेत्राची ‘एन्डॉर्समेंट’, म्हणजे त्यात जास्त विषय केल्याची मोहोर, घेतली तर २६चा. न्यू यॉर्कमध्येही २२. न्यू जर्सीत त्याच विषयाला ५ क्रेडिट, म्हणून तिथे १२०. कॅलिफोर्नियात सेमिस्टरला ५, वर्षाला १०. त्यामुळे शाळांच्या डिस्ट्रिक्टागणिक (स्थानिक शाळा-मंडळाच्या हद्दीगणिक) बेरीज दोनशेच्या वर जाते, अनेक ठिकाणी २२०. न्यू जर्सीतल्या एडिसनहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आलेल्या मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) ३० क्रेडिट असतील तर त्याचे सहा विषय झालेले असतात. इथल्या डोळ्यांना ते तीनच दिसतात. ऑफिसात रूपांतर होतं, पण होईपर्यंत आई-बापांची झोप उडते.

त्यावर आणखी एक थर कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा. हायस्कुलात असतानाच मुलं तिथेही विषय घेतात. तिथल्या एका सेमिस्टरचा ३ युनिटचा विषय राज्याच्या विद्यापीठांच्या प्रवेशात हायस्कूलच्या पूर्ण वर्षाइतका धरतात. म्हणजे इथलं ‘युनिट’ वेगळं, विद्यापीठाच्या यादीतलं ‘वर्ष’ वेगळं, शाळेचं ‘क्रेडिट’ वेगळं, आणि तिन्ही एकाच वर्गात बसल्याबद्दल. भरीला भर म्हणजे भारतातही २०२३च्या राष्ट्रीय चौकटीत शाळेसाठी क्रेडिट आलं आहे: ३० तासांचं एक, वर्षाला ४०. तेव्हा पुण्यातल्या मावसभावाला फोन करून या तक्त्याचा अर्थ लावायला जाऊ नये. शब्द तोच, माप चौथं.

सत्तरच्या दशकापर्यंत डिप्लोम्याला काय लागतं हे बहुतांशी स्थानिक मंडळं ठरवत. १९८३मध्ये देशाच्या शिक्षणाची अवस्था धोक्याची आहे, अशी घंटा वाजवणारा एक सरकारी अहवाल आला. इंग्रजी चार वर्षं, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं तीन-तीन वर्षं, संगणक अर्धं वर्ष अशी त्याची मागणी होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने राज्यभरासाठी किमान यादी कायद्यात घातली. ती आजही ओळखू येते: इंग्रजी ३, गणित २, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं ३, पी.ई. २, आणि कला, परभाषा किंवा व्यवसाय-तंत्र यांपैकी एका विषयाचं १ वर्ष. एकूण १३. गणितात अल्जिब्रा हवंच, ही अट २००४च्या बॅचपासून (त्या वर्षी बारावी संपवणाऱ्यांपासून) लागली.

राज्याची विद्यापीठं मात्र स्वतःची यादी चालवतात. ‘ए-जी’ म्हणतात ती हीच. सात अक्षरं, १५ वर्षं: इतिहास २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, परभाषा २, कला १, ऐच्छिक १. इथे नुसतं पास होऊन भागत नाही, ‘सी’ किंवा वर लागतो. वरच्या यादीशी ताडून पाहा. एखादं मूल राज्याच्या नियमाने रीतसर ग्रॅज्युएट होतं, गाऊन घालून फोटो काढतं, आणि त्याच राज्याच्या विद्यापीठात अर्ज करायला पात्र नसतं. एकाच सरकारच्या पैशावर चालणाऱ्या दोन व्यवस्थांनी चाळीस वर्षं ही फट ठेवावी आणि ती बुजवायचं काम चौदा वर्षांच्या पोरावर सोडावं, हे मला कधी पटलेलं नाही.

ती बुजवायचा सगळ्यात मोठा प्रयत्न लॉस एंजलिसमध्ये झाला, आणि त्याबद्दल अजूनही दोन तट आहेत. २००५मध्ये तिथल्या शाळा-मंडळाने ठरवलं की ए-जीचे विषय सगळ्यांनाच लावायचे. यामागे पालक आणि विद्यार्थी संघटनांचा रेटा होता. गरीब वस्तीतल्या शाळांत ए-जीचे वर्गच पुरेसे नसत, मुलांना सोप्या विषयांकडे वळवलं जाई, हा त्यांचा आक्षेप खरा होता. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करायची होती, आणि २०१७च्या बॅचपासून ‘सी’ची अटही यायची होती. मुदत जवळ आली तसं दिसायला लागलं की हजारो मुलं डिप्लोम्याविना राहतील. २०१५मध्ये मंडळाने विषय ठेवले आणि ‘सी’ सोडला. ‘डी’ मिळाला तरी डिप्लोमा. मंडळाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, निदान प्रत्येकाला तिसऱ्या वर्षाचं गणित शिकायला तरी मिळालं. विरोधक म्हणतात, ‘डी’ विद्यापीठ धरतच नाही, मग फट बुजली कुठे? माझं माप दुसऱ्या बाजूला झुकतं, पण डिप्लोमा नसलेल्या मुलाला अठराव्या वर्षी कोण नोकरी देतं, तेही पाहायला हवं.

टेक्ससने असाच वळसा घेतला. २००७मध्ये नववीत आलेल्यांना इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं प्रत्येकी चार वर्षं लावली, आणि २०१३मध्ये नवा कायदा करून ती ढिली केली. अल्जिब्रा-२ची सरसकट सक्ती गेली. कॅलिफोर्नियाची एक्झिट परीक्षाही (हायस्कूल संपताना द्यायची राज्याची परीक्षा) अशीच. २००६च्या बॅचपासून ती पास झाल्याशिवाय डिप्लोमा नव्हता. २०१५मध्ये ती थांबवली, आणि तिच्यापायी अडकलेल्या जुन्या मुलांनाही डिप्लोमे दिले.

मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडण होतं ते गणितावरून, आणि तेही नववीच्या आधीच्या. नववीत अल्जिब्रा-१ घेतलं की जॉमेट्री, अल्जिब्रा-२, प्रीकॅल्क्युलस करत बारावी संपते, कॅल्क्युलसला जागा उरत नाही. मग आठवीत अल्जिब्रा हवं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४मध्ये समतेच्या नावाखाली आठवीतलं अल्जिब्रा बंद केलं, आणि मार्च २०२४मध्ये मतदारांनी भरघोस मतांनी ते परत मागितलं. ते मत बंधनकारक नव्हतं, पण मंडळाने महिनाभर आधीच ते परत आणायला सुरुवात केली होती.

या सगळ्यात नववीचं महत्त्व दोन बारीक नियमांत आहे. एक, कुठला नियम लागू होणार हे नववीत आल्याच्या किंवा ग्रॅज्युएट होण्याच्या वर्षावर ठरतं. म्हणून ताईचा तक्ता धाकट्याला चालत नाही. दोन, यूसीचा (कॅलिफोर्निया विद्यापीठाचा) जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, दहावी-अकरावीच्या ग्रेडवर काढतात, पण नववीतला ‘डी’ ए-जीच्या खात्यात भोक पाडतोच.

सध्याच्या तक्त्यांत एक ओळ अधांतरी आहे. एथनिक स्टडीजचं (वांशिक समूहांचा इतिहास-संस्कृती) एक सेमिस्टर २०३०च्या बॅचपासून सक्तीचं करणारा कायदा २०२१मध्ये झाला, पण राज्य पैसे देईल तरच, या अटीवर. ही बॅच म्हणजे २०२६-२७ची नववी, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पैसे आलेच नाहीत. काही डिस्ट्रिक्टांनी विषय स्वतःच्या जोरावर ठेवला, काहींनी पुढे ढकलला. पाठोपाठ २०३१च्या बॅचसाठी पर्सनल फायनान्सचं (घरगुती पैशाच्या हिशेबाचं) सेमिस्टर येतं आहे, तेव्हा येत्या वर्षांत आणखी एक चौकोन वाढेल.