टेलिग्राम उघडे का राहिले : रशियातील युद्धकालीन सेन्सॉरशिपची पार्श्वभूमी

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, त्याच दिवशी रशियाच्या दळणवळण-नियामकाने देशातील वृत्तमाध्यमांना बजावले की या मोहिमेविषयीची माहिती केवळ अधिकृत सरकारी स्रोतांतूनच घ्यावी. दोन दिवसांनी दहा माध्यमांना नोटिसा गेल्या आणि ‘हल्ला’, ‘आक्रमण’, ‘युद्धाची घोषणा’ असे शब्द असलेला मजकूर काढून टाकण्यास सांगण्यात आले. ४ मार्चला सैन्याविषयी ‘जाणीवपूर्वक खोटी माहिती’ पसरवणे हा फौजदारी गुन्हा ठरला. गंभीर परिणाम झाल्यास १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला हा कायदा कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊन त्याच दिवशी अंमलातही आला. फेसबुक आणि ट्विटर त्याच दिवशी बंद झाले, इन्स्टाग्राम १४ मार्चला. मॉस्कोतले सर्वांत जुने स्वतंत्र रेडिओ केंद्र तोवर मोडीत निघाले होते, एकमेव स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनीने प्रक्षेपण थांबवले होते आणि मार्च संपण्यापूर्वी नोबेल-विजेत्या संपादकाच्या वृत्तपत्रानेही छपाई थांबवली.

एवढी कडेकोट व्यवस्था करणाऱ्या राज्याने टेलिग्राम मात्र चालू ठेवले. युद्धाबद्दल सरकारला नको असलेल्या बातम्या पुढची तीन वर्षे रशियन नागरिकांपर्यंत पोहोचल्या त्या मुख्यतः टेलिग्राम, यूट्यूब आणि व्हीपीएन (परदेशी सर्व्हरमार्फत बंद संकेतस्थळे उघडून देणारी सेवा) या तीन वाटांनी. त्यांपैकी यूट्यूब आणि व्हीपीएन सहन केले जात होते; टेलिग्रामचे तसे नव्हते. ते राज्यालाही हवे होते. या फरकाचे मूळ युद्धाच्या चार वर्षे आधीच्या एका फसलेल्या बंदीत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. सोव्हिएत काळातली पूर्वतपासणी करणारी यंत्रणा १९२२ साली उभी राहिली आणि जवळजवळ सात दशके टिकली. तिला बगल देण्यासाठी टंकलेखन यंत्रावर कार्बन कागद घालून काढलेल्या प्रती हातोहात फिरत. मानवी हक्कांच्या उल्लंघनांची नोंद ठेवणारे असेच एक गुप्त नियतकालिक एप्रिल १९६८ मध्ये सुरू झाले आणि पुढे पंधराएक वर्षे निघत राहिले. परदेशी रेडिओच्या लहरींवर सरकार खरखर सोडत असे, तरी लोक रात्री कान लावून बसत. अफगाणिस्तानातल्या युद्धात मेलेल्या सैनिकांच्या जस्ताच्या सीलबंद पेट्या घरी येत, पण वृत्तपत्रांत त्यांचा पत्ता नसे. १९९० च्या वृत्तपत्र कायद्याने आणि पाठोपाठ १९९३ च्या राज्यघटनेच्या २९व्या कलमाने सेन्सॉरशिपवर बंदी घातली. ही बंदी आजही घटनेत शाबूत आहे, आणि म्हणूनच २०२२ चा कायदा सेन्सॉरशिपचे नाव न घेता ‘खोटी माहिती’ आणि ‘सैन्याची बदनामी’ या दोन गुन्ह्यांच्या भाषेत बोलतो. मजकूर आधी तपासून घेण्याची सक्ती त्यात कुठेच नाही. जे सरकारी निवेदनाशी जुळत नाही ते खोटे, एवढे गृहीत धरले की काम भागते.

इंटरनेटवरची पकड २०११-१२ च्या हिवाळ्यातील निदर्शनांनंतर आवळू लागली. निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्धचे ते मोर्चे मोठ्या प्रमाणावर समाजमाध्यमांतून जुळवले गेले होते. नोव्हेंबर २०१२ पासून बंद करायच्या संकेतस्थळांची सरकारी नोंदवही सुरू झाली. मुलांना घातक मजकुरापासून वाचवणे हे तिचे सांगितलेले कारण होते. फेब्रुवारी २०१४ पासून न्यायालयात न जाता संकेतस्थळ बंद करण्याचा अधिकार महाअभियोक्त्याला मिळाला आणि युक्रेनचा क्रिमिया द्वीपकल्प ताब्यात घेतला जात असतानाच, मार्चमध्ये, तीन विरोधी संकेतस्थळे त्याच अधिकाराखाली बंद झाली. त्याच वसंतात देशातल्या सर्वांत मोठ्या समाजमाध्यमाचा संस्थापक स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला. युक्रेनमधील आंदोलकांची माहिती देण्यास आपण नकार दिला होता, असे त्याने सांगितले. टेलिग्राम हा त्याचाच पुढचा उद्योग होता आणि तो २०१३ मध्येच सुरू झालेला होता.

पूर्व युक्रेनमधील दोनबासमध्ये आपले नियमित सैन्य नाही असे सरकार सांगत असताना तेच सैनिक रणगाड्यांपुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे आपल्या पानांवर टाकत होते, आणि हौशी शोधक मागची झाडे-इमारती उपग्रहचित्रांशी ताडून ठिकाण काढत होते. मे २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने शांतताकाळातील ‘विशेष मोहिमां’मधली जीवितहानीही राजगुपित ठरली आणि २०१९ मध्ये सैनिकांना सेवेत असताना स्मार्टफोन बाळगण्यास आणि इंटरनेटवर सेवेविषयी काही लिहिण्यास मनाई करणारा कायदा आला. म्हणजे सेन्सॉरशिपमधली पहिली मोठी फट पत्रकारांनी पाडलेली नव्हती. ती सैन्याच्या स्वतःच्या खिशात होती.

आता टेलिग्रामच्या बंदीकडे. २०१६ च्या दहशतवादविरोधी कायद्यांनी संदेशसेवांवर संदेश उलगडण्याच्या किल्ल्या सुरक्षा यंत्रणेला देण्याचे बंधन घातले. जुलै २०१७ मध्ये सुरक्षा यंत्रणेने त्या मागितल्या, कंपनीने दिल्या नाहीत, ऑक्टोबरमध्ये ८ लाख रूबलचा दंड झाला आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. १३ एप्रिल २०१८ ला मॉस्कोच्या एका जिल्हा न्यायालयाने प्रतिवादीच्या वकिलांविना चाललेल्या, जेमतेम वीस मिनिटांच्या सुनावणीत बंदीचा आदेश दिला. सुनावणी हा निव्वळ देखावा ठरेल म्हणून संस्थापकानेच वकिलांना तिकडे फिरकू नका असे सांगितले होते. १६ एप्रिलला बंदी सुरू झाली.

या वादातील एक गोष्ट बहुतेक वृत्तांतांत निसटते. वाद पेटला तो किल्ल्यांवरून, पण टेलिग्रामवरील नेहमीचे संभाषण आणि वाहिन्या दोन्ही टोकांना कुलूपबंद, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असे, नसतात. तशी सोय फक्त ‘गुप्त संभाषणा’त आहे, आणि त्याच्या किल्ल्या केवळ बोलणाऱ्यांच्या फोनमध्ये असतात, आमच्याकडे नसतात, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सेन्सॉरशिप ओलांडण्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची ठरली ती २०१५ मध्ये आलेली ‘वाहिनी’: एकाने लिहावे आणि लाखोंनी वाचावे, शिफारस करणारा अल्गोरिदम नाही, चालवणाऱ्याने नाव देण्याची गरज नाही. म्हणजे गुप्ततेसाठी ख्याती मिळवलेले हे माध्यम प्रत्यक्षात वृत्तपत्राचे काम करू लागले होते, आणि त्याचे वाचक विरोधकांइतकेच मंत्रालयांतही होते.

बंदी राबवताना नियामकाने टेलिग्रामचा पाठलाग करत अ‍ॅमेझॉन आणि गुगल यांच्या मेघसेवांचे (क्लाउड) आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरील यंत्रांचे क्रमांक, गठ्ठ्यांनी बंद केले. ही संख्या काही दिवसांत १.८ कोटींच्या आसपास गेली. टेलिग्राम पत्ते बदलत पुढे सरकले आणि त्याच मेघसेवांवर चालणारी दुकाने, खेळ, कार्यालयीन सेवा अशी युद्धाशी किंवा राजकारणाशी काही संबंध नसलेली संकेतस्थळे कोलमडली. महिनाअखेरीस मॉस्कोत हजारो लोक कागदी विमाने उडवत रस्त्यावर उतरले. बंदी कागदावर दोन वर्षे राहिली, त्या काळात वापर कमी होण्याऐवजी वाढला आणि परराष्ट्र खात्यासकट कितीतरी सरकारी कार्यालयांच्या वाहिन्या बंदी असलेल्या या माध्यमावर उघडपणे चालू राहिल्या. १८ जून २०२० रोजी नियामकाने बंदी उठवली. दहशतवाद आणि अतिरेकाविरुद्ध सहकार्य करण्याची तयारी संस्थापकाने दाखवल्याचे कारण नियामकाने दिले.

या निर्णयाचे तीन अर्थ लावले जातात. पहिला असा, की तंत्रज्ञानापुढे नियामकाने हात टेकले. दुसऱ्या अर्थाने पडद्याआड काही समझोता झाला. याचा संशय विरोधकांत आजही आहे, आणि सप्टेंबर २०२१ च्या संसदीय निवडणुकीत विरोधकांचा मतदान-मार्गदर्शन करणारा बॉट (आपोआप उत्तरे देणारे खाते) टेलिग्रामने स्वतःहून बंद केला तेव्हा तो बळावला. त्याच दिवसांत अ‍ॅपल आणि गुगल यांनीही त्याच गटाचे अ‍ॅप आपापल्या दुकानांतून काढले होते, त्यामुळे एकट्या टेलिग्रामकडे बोट दाखवणे न्याय्य नाही. तिसऱ्या अर्थानुसार राज्यालाच या माध्यमाची गरज पडली. प्रस्तुत लेखकाला हाच अर्थ सर्वांत पटतो. २०२० च्या वसंतात करोनाविषयीची अधिकृत माहिती टेलिग्रामवर दिली जात होती. जिथे आपलाच श्रोता बसला आहे ते सभागृह कुलूप लावून बंद करणे सरकारला परवडणारे नव्हते. तांत्रिक अपयशाचा मुद्दा खरा असला तरी तो अपुरा आहे, कारण २०१९ च्या ‘सार्वभौम इंटरनेट’ कायद्याने प्रत्येक सेवादात्याच्या जाळ्यात वाहतूक तपासून रोखणारी सरकारी उपकरणे बसवण्याचे काम तोवर सुरू झालेच होते. ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली मार्च २०२१ मध्ये, ट्विटर मंद करण्यासाठी. तेव्हा ट्विटरच्या लघुपत्त्याची (t.co) अक्षरे ज्यांच्या नावात योगायोगाने येतात अशी मायक्रोसॉफ्ट आणि रेडिटसारखी संकेतस्थळेही मंदावली होती.

मार्च २०२२ नंतर सारे या पार्श्वभूमीवर घडले. बंद पडलेल्या संपादकमंडळांनी रीगा, तिबिलिसी, अ‍ॅमस्टरडॅम अशा परदेशी शहरांत बिऱ्हाड हलवले आणि टेलिग्राम व यूट्यूबवरून लिहिणे-बोलणे चालू ठेवले. २१ मार्चला मॉस्कोतील न्यायालयाने फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीचे कार्य ‘अतिरेकी’ ठरवले. युक्रेनमधील वापरकर्त्यांना आक्रमक सैन्याविरुद्ध हिंसक भाषा वापरण्याची तात्पुरती मुभा देण्याचा त्या कंपनीचा निर्णय हे त्याचे निमित्त होते आणि तो निर्णय रशियाबाहेरही वादग्रस्तच ठरला. त्याच निकालाने व्हॉट्सअ‍ॅपला वगळले, केवळ वापरासाठी नागरिकांवर कारवाई होणार नाही असे अभियोक्त्याने सांगितले आणि लक्षावधी लोक व्हीपीएन लावून इन्स्टाग्राम वापरत राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये सैन्यभरतीचा हुकूम निघाला तेव्हा कोणत्या स्थानकावर नोटिसा वाटल्या जात आहेत, कोणत्या सीमेवर किती रांग आहे, हे स्थानिक टेलिग्राम गटांतून तासातासाला कळत होते.

सरकारी आकड्यांना शह देण्याचे सर्वांत चिकाटीचे काम याच माध्यमांच्या आधाराने झाले. संरक्षण खात्याने २१ सप्टेंबर २०२२ रोजी ५,९३७ सैनिक ठार झाल्याचे सांगितले आणि त्यानंतर एकूण आकडा दिलेला नाही. एक स्वतंत्र रशियन संकेतस्थळ आणि एका ब्रिटिश प्रसारणसंस्थेची रशियन शाखा यांनी मात्र स्वयंसेवकांच्या मदतीने नावे गोळा केली. नातेवाइकांनी लिहिलेल्या श्रद्धांजल्या, गावच्या शाळेच्या पानावरची छायाचित्रे, जिल्हाप्रमुखाने वाहिलेली आदरांजली असा हा ऐवज बहुतांशी सरकारच्या प्रभावाखालील देशी समाजमाध्यमावरच उघडा पडलेला होता. २०२५ मध्ये ही नावानिशी यादी १ लाखाच्या पुढे गेली.

याची किंमतही मोजावी लागली. सायबेरियातील एका पत्रकार महिलेला युक्रेनमधील मारियुपोलच्या नाट्यगृहावरील हल्ल्याविषयी टेलिग्रामवर लिहिल्याबद्दल फेब्रुवारी २०२३ मध्ये सहा वर्षांची, तर कीवजवळच्या बुचातील हत्यांविषयी यूट्यूबवर बोलल्याबद्दल मॉस्कोतील एका विरोधी नेत्याला डिसेंबर २०२२ मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. माध्यम उघडे ठेवणे आणि त्यावर बोलणाऱ्याला निवडून शिक्षा करणे या दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या, आणि खरी जरब याच जोडणीतून बसली.

दुसऱ्या बाजूला, युद्धाचे समर्थन करणारे आणि तरीही सेनापतींवर तुटून पडणारे सैनिकी ब्लॉगलेखक टेलिग्रामवरच मोठे झाले. जून २०२३ मध्ये भाडोत्री सैन्याच्या म्होरक्याने बंडाची घोषणा टेलिग्रामवरील ध्वनिसंदेशांतून केली. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनचे सैन्य रशियाच्या कुर्स्क प्रांतात शिरले तेव्हा अधिकारी परिस्थिती आटोक्यात असल्याचे सांगत होते आणि सीमेवरचे रहिवासी चित्रफितीत त्यांना खोटे पाडत होते. माध्यम दर वेळी तटस्थ राहिले असेही नाही. भरती झालेल्यांना परत बोलवा असे म्हणणाऱ्या पत्नींच्या वाहिनीवर २०२३ च्या अखेरीस टेलिग्रामनेच ‘बनावट’ असा शिक्का मारला होता. युक्रेननेही रशियन समाजमाध्यमे २०१७ मध्येच बंद केली होती, युद्धकाळात हल्ल्यांची ठिकाणे प्रसिद्ध करण्यावर निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी उपकरणांवर टेलिग्राम वापरण्यास मनाई केली. मात्र त्यामागे मुख्यतः हेरगिरीची भीती होती.

२०२४ पासून रशियाने उरलेल्या वाटा एकेक करून अरुंद केल्या. मार्चपासून व्हीपीएनची माहिती देण्यावर बंदी आली. जुलैत अ‍ॅपलने नियामकाच्या मागणीवरून अनेक व्हीपीएन अ‍ॅपे रशियातील दुकानातून हटवली, आणि त्याच उन्हाळ्यात यूट्यूब इतके मंदावले की चित्रफीत पाहणे अशक्य व्हावे. गुगलने आपल्या सर्व्हरांची देखभाल सोडली म्हणून असे होते, असे कारण आधी पुढे करण्यात आले. ऑगस्टमध्ये सिग्नल आणि ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड बंद झाले. १ सप्टेंबर २०२५ पासून सरकारी यादीतील ‘अतिरेकी’ मजकूर जाणूनबुजून शोधणे हाही दंडनीय अपराध झाला. म्हणजे लिहिणाऱ्यापाठोपाठ आता वाचणाराही कायद्याच्या कक्षेत आला. त्याच दिवसापासून विकल्या जाणाऱ्या फोनांमध्ये मॅक्स नावाची देशी संदेशसेवा आधीच घालून देणे बंधनकारक झाले. ड्रोन हल्ल्यांचे कारण देऊन कितीतरी प्रांतांत मोबाइल इंटरनेट तासन्‌तास, काही ठिकाणी दिवसचे दिवस बंद ठेवले जाऊ लागले, आणि अशा वेळीही चालू राहावीत अशा ठरावीक सेवांची ‘पांढरी यादी’ तयार झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरील बोलण्याची (कॉलची) सोय रोखण्यात आली. दूरध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीचे कारण त्यासाठी सांगितले गेले. टेलिग्रामच्या वाहिन्यांना मात्र त्या वेळी हात लावला गेला नाही. आघाडीवरील तुकड्यांचा आपसांतला संपर्क, त्यांच्यासाठी ड्रोन आणि गाड्या घेण्याकरता गोळा होणारा निधी आणि स्वतः संरक्षण खात्याची रोजची निवेदने हे सारे तोवर त्याच माध्यमावरून चालत होते.