म्हाताऱ्या उंदराला चव जास्तच लक्षात राहते

उंदरांचा सुळसुळाट झाला की परभणी-जालन्याकडच्या शिवारात बिळांपाशी आमिष ठेवतात. प्रमाण ठरलेलं: 96 भाग ज्वारीचा भरडा, 2 भाग गोडेतेल, 2 भाग झिंक फॉस्फाईड हे विष. पण जाणता शेतकरी आधीचे दोन-तीन दिवस नुसता तेल चोळलेला भरडाच ठेवतो. कारण उंदीर नवं खाणं आधी जरासंच कुरतडून पाहतो. तेवढ्या विषाने पोट बिघडलं आणि तो वाचला, तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेलं विष बाहेर टाकायची सोयच नाही. तेव्हा बाधलेली चव ध्यानात ठेवण्यावरच त्याचा जीव तगून असतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी 1955 मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवलं. सॅकरिनचं गोड पाणी पिताना ज्या उंदरांवर मळमळ आणणारे गॅमा किरण सोडले, ते पुढे त्या पाण्याला शिवेनात. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या तरच प्राणी त्यांची सांगड घालतो, अशी तेव्हाची समजूत. चवीच्या बाबतीत मात्र मळमळ तासाभराने सुरू झाली, तरी एकाच अनुभवात धडा पक्का होतो, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं.

जिभेकडून येणारी चवीची खबर आणि पोटाकडून येणारी मळमळीची खबर मेंदूच्या देठातल्या पॅराब्रॅकियल केंद्रात पोचतात. ते केंद्र निकामी केलं तर उंदीर हा धडा शिकूच शकत नाही. त्याच्या वर, मेंदूत, भीती-भावनांशी निगडित अमिग्डाला आणि चव ओळखणारा इन्सुला हे भागही कामाला लागतात.

मग मेंदू थकल्यावर काय होत असेल? दोन वर्षांचा उंदीर म्हणजे म्हातारा. मेंदूतला जागा-वाटा लक्षात ठेवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, कमजोर झाल्याने त्याला वाटा नीट आठवत नाहीत. चवीचा धडा मात्र तो उत्तम शिकतो. अमेरिकेतले जेम्स मिसानिन आणि त्यांचे सहकारी यांना तर असं आढळलं, की चव आणि आजार यांत इतकं अंतर ठेवलं की तरण्या उंदराला संबंधच लागत नाही, तरी म्हातारा तो जोडतो. त्यांचा तर्क असा: वयाबरोबर शरीरातलं घड्याळ संथ होतं, त्यामुळे मधला वेळ त्याला थोडाच वाटतो. अंग थंड पडलं की हे घड्याळही संथ होतं; तरण्या उंदरांचं अंग थंड केलं, तेव्हा त्यांनाही लांबचं अंतर जोडता आलं. मला हा पुरावा फार बोलका वाटतो. म्हातारपण म्हणजे नुसती झीज, हे इथे खरं ठरत नाही. पण याची किंमतही आहे: सकाळी खाल्लेल्या निर्दोष दाण्यावरही संध्याकाळच्या दुखण्याचा आळ येऊ शकतो.

माणसांतही असे आळ येतात. कर्करोगावरच्या, मळमळ आणणाऱ्या केमोथेरपीच्या आधी दिलेलं आइस्क्रीम मुलांना पुढे नकोसं होतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इलीन बर्नस्टाइन यांनी 1978 मध्ये दाखवलं. पुढे त्यांना उपायही सापडला: जेवण आणि औषध यांच्या मध्ये उग्र चवीची एक गोळी चघळायला द्यायची. नावड बरीचशी त्या गोळीवर जाते, जेवण वाचतं. केमो चालू असलेल्या आजी-आजोबांना त्यांच्या आवडीचं पिठलं-भाकरी नेमकं औषधाच्या आधी वाढू नये, असं मला यावरून मनापासून वाटतं.