शकुंतलेची रुंदी : ७६२ मिलिमीटरचा प्रश्न

कारंजा किंवा दारव्ह्याच्या बाजूला ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेगाडीच्या जुन्या रुळांवर गेलात, तर दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून उभे राहून पाहा. साधारण उंचीच्या माणसाला ते सहज जमते, कारण दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट आहे. मूर्तिजापूर स्थानकात हावडा–मुंबई मार्गावर हेच अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट आहे. रुळांमधल्या या अंतराला गेज म्हणतात : पहिले नॅरोगेज, दुसरे ब्रॉडगेज. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर या सुमारे १९० किलोमीटरच्या पट्ट्यातील लोकांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी इतकी वर्षे केंद्राकडे जी मागणी केली, ती पहिल्या आकड्याचा दुसरा करण्याची, म्हणजे हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन या कंपनीने हा मार्ग उभारला, तो वऱ्हाडातील कापूस मुख्य मार्गापर्यंत पोहोचवण्यासाठी. तिथून कापूस मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला जाई. मँचेस्टरमध्येच १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून शकुंतला ओढू लागले आणि १९९४ मध्ये डिझेल इंजिन येईपर्यंत सत्तर वर्षे ओढत राहिले. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. या वेगळेपणामुळे तो दीर्घकाळ राष्ट्रीय धोरणाच्या कडेला पडून राहिला, असे माझे मत आहे. १९९२ मध्ये सी. के. जाफर शरीफ रेल्वेमंत्री असताना देशभर एकच गेज आणण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातून हजारो किलोमीटर मीटरगेज (एक मीटर रुंद) आणि नॅरोगेज रुळांचे ब्रॉडगेज झाले, पण शकुंतला होती तशीच राहिली.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे हा संघसूचीतील विषय आहे. त्यामुळे या भागातील आमदाराला निर्णय घेता येत नाही, मागणी मात्र करता येते. खासदाराजवळ लोकसभेतील शून्य प्रहर, नियम ३७७ खालील निवेदन, अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चा आणि मंत्र्याकडचा पाठपुरावा ही साधने असतात. अमरावतीचे तत्कालीन खासदार आनंदराव अडसूळ यांनी ही मागणी सातत्याने लावून धरली. २०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना या मार्गाच्या ब्रॉडगेजसाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची मंजुरी जाहीर झाली. एवढी रक्कम का लागते, जुने रूळ उचलून थोडे दूर-दूर ठोकले की काम का होत नाही, हे समजायला रेल्वेच्या चाकापासून सुरुवात करावी लागते.

रेल्वेची दोन चाके एकाच लोखंडी आसावर घट्ट बसवलेली असतात आणि दोन्ही एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या रुळाची लांबी आतल्या रुळापेक्षा जास्त असते. हा फरक वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नसतो. दोन रुळांतील अंतर आणि गाडी किती अंशांतून वळली, या दोनच गोष्टींवर तो ठरतो. काटकोनात वळणाऱ्या ब्रॉडगेज मार्गावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा सुमारे २.६३ मीटर लांब असतो, तर नॅरोगेजवर फक्त सुमारे १.२ मीटर. एकाच वेगाने फिरणारी दोन चाके ही तफावत भरून काढतात ती आपल्या आकारामुळे. चाकाचा पृष्ठभाग सपाट नसतो, तर किंचित शंकूसारखा उतरता असतो. आपल्याकडे हा उतार २० ला १ असा धरला जातो. चहाचा कागदी पेला टेबलावर आडवा ठेवून घरंगळवला, की तो सरळ न जाता रुंद तोंड बाहेर ठेवून वळतो. वळणावर आस किंचित बाहेरच्या बाजूला सरकतो आणि बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर, आतले लहान घेरावर चालू लागते. वळण फार तीव्र असले तर हा उतार पुरत नाही. मग चाकाची कड रुळाला घासू लागते, कर्कश आवाज येतो आणि रूळ व चाक दोन्ही झिजतात.

नॅरोगेजमध्ये भरून काढायची तफावत कमी असल्यामुळे ती तीव्र वळणे सहन करते. भारतीय रेल्वेच्या नियमांप्रमाणे ब्रॉडगेजवर १० अंशांपर्यंतचे वळण, म्हणजे साधारण १७५ मीटर त्रिज्या, चालते. नॅरोगेजवर मात्र ४० अंशांपर्यंत, म्हणजे साधारण ४४ मीटर त्रिज्येचे वळणही चालते. त्यामुळे जुन्या अभियंत्यांना नाला आला तर थोडे वळून, टेकाड आले तर त्याला वळसा घालून कमी खर्चात मार्ग नेण्याची मोकळीक होती. ब्रॉडगेजला ती नाही, आणि वेग हवा असेल तर त्रिज्या याहूनही कितीतरी मोठी लागते. म्हणून गेज बदलताना अनेक ठिकाणी मार्गच सरळ करावा लागतो, आणि जुन्या वाटेच्या बाहेरची जमीन संपादित करावी लागते.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे, आणि विदर्भातील माणसाला तो सांगावा लागत नाही. या मार्गाचा मोठा भाग काळ्या, चिकण कापसाच्या जमिनीतून जातो. वैशाख-ज्येष्ठात शेताच्या बांधावर तळहात सहज आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाच्या पावसानंतर त्याच भेगा बुजून जमीन फुगते. या मातीतील मॉन्टमॉरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजाचे थर कागदाच्या गठ्ठ्यासारखे एकावर एक असतात. पाणी थरांमध्ये शिरले की ते एकमेकांपासून दूर जातात, आणि उन्हाने पाणी निघून गेले की पुन्हा जवळ येतात. दर वर्षी फुगणाऱ्या आणि आक्रसणाऱ्या अशा जमिनीवर टाकलेल्या रुळाची पातळी सारखी राहत नाही. हलक्या नॅरोगेज गाडीखाली हा दोष चालून जातो, कारण तिचा वेग आणि एका आसावरचे वजन दोन्ही कमी असतात. ब्रॉडगेज मालगाडीच्या एका आसावर मात्र सुमारे २२.९ टन वजन येते, जे नॅरोगेजच्या तुलनेत दुपटीहून अधिक आहे. एवढे वजन या मातीवर थेट टाकले, तर गिट्टी हळूहळू काळ्या मातीत रुतते आणि पावसात चिखल वर येतो. म्हणून भरावाच्या माथ्यावर मुरमासारख्या न फुगणाऱ्या सामग्रीचा जाड थर द्यावा लागतो, आणि पाणी साचू नये म्हणून बाजूने नाल्या काढाव्या लागतात. जुने लहान पूलही बहुधा नव्यानेच बांधावे लागतात. १,५०० कोटींचा आकडा मोठा वाटतो तो यामुळे.

मग हा खर्च करावा का? मला वाटते, करावा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना होणारा विरोध फार कमी असतो. सपाट मार्गावर एक टन माल सतत पुढे नेण्यासाठी रस्त्यावर साधारण दहा किलोच्या ओढीएवढे बळ लागते, तर रुळावर दोन किलोच्या आसपास. हा फायदा पूर्ण मिळायचा तर माल मध्येच उतरवावा लागता कामा नये. मूर्तिजापूरला शकुंतलेतून आलेल्या गाठी हमालांनी पाठीवर घेऊन ब्रॉडगेज डब्यात टाकायच्या, म्हणजे १७० किलोची प्रत्येक गाठ दोनदा हाताळायची. वेळ, मजुरी आणि नासाडी या तिन्हींचा भार पडल्यावर जिनिंगवाला ट्रककडे वळतो, आणि मालवाहतूक गेली की केवळ प्रवाशांच्या तिकिटावर मार्ग टिकवणे अवघड होते.

हेच मला आपल्या लोकप्रतिनिधींकडून हवे आहे. “शकुंतला सुरू करा” ही मागणी भावनेच्या दृष्टीने योग्यच आहे, पण तिच्याबरोबर तीन नेमक्या गोष्टींची विचारणा संसदेत व्हायला हवी : वळणांची त्रिज्या किती ठेवणार, काळ्या मातीवर भरावाची उपाययोजना कोणती, आणि कापूस, सोयाबीन व संत्र्यांच्या मालाची चढउतार कोणत्या स्थानकांवर होणार. या तीन उत्तरांवर गाडीचा वेग, देखभालीचा खर्च आणि उत्पन्न ठरते, आणि प्रकल्पाचा परतावाही त्यावरच मोजला जातो. अंदाजपत्रकात शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर परतावा केवळ प्रवासी संख्येवर मांडला जातो आणि मार्ग तोट्याचा ठरतो.

या मागणीला आता एक नवा आधार मिळाला आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग उभा राहत आहे, आणि त्याचा वर्धा ते कळंब हा भाग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. शकुंतला आजवर यवतमाळला संपणारी वाट होती. नांदेडकडे जाणारा मार्ग यवतमाळमधून पुढे गेला, की मूर्तिजापूरहून आलेल्या मालगाडीला तिथून वर्धा आणि नांदेड या दोन्ही दिशांना जाता येईल. मात्र त्यासाठी या दोन मार्गांच्या यवतमाळमधील जोडणीची आखणी आजच नकाशावर यायला हवी, कारण एकदा प्लॅटफॉर्म, लूप लाइन (गाडी थांबवण्यासाठीचा बाजूचा रूळ) आणि भराव पक्के झाले की तो सांधा नंतर बसवणे अवघड जाते.