कर्नलच्या मेन्यूतले विजेचे प्रश्न: पॉवर मॅनेजमेंटच्या पर्यायांची पार्श्वभूमी

लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल करायला (सोर्स कोडपासून बांधायला) घेतला की मेन्यूकॉन्फिग या पर्याय निवडायच्या मेन्यूमध्ये पॉवर मॅनेजमेंटचं पान लागतं. सस्पेंड, हायबरनेशन, एसीपीआय, सीपीयू फ्रिक्वेन्सी, सीपीयू आयडल आणि ३२-बिट एक्स८६ निवडलं असेल तर एपीएमसुद्धा. प्रत्येक पर्यायाखालचा मदतीचा मजकूर वाचत गेलं की काही प्रश्न कोड्यात टाकतात. बायॉसला (मदरबोर्डच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरला, म्हणजे फर्मवेअरला) हाक मारताना इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणारे इशारे, चालू ठेवायचे का? मशीन झोपेतून उठल्यावर घड्याळ चुकलं तर चालेल का? हे प्रश्न कर्नल बांधणाऱ्याला का विचारावे लागतात, हे आजच्या हार्डवेअरकडे बघून कळत नाही. वीज वाचवण्याचा निर्णय फर्मवेअरने घ्यायचा, कर्नलने घ्यायचा की एकेक डिव्हाइस चालवणाऱ्या ड्रायव्हरने, हा वाद तीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. ज्या टप्प्यावर कर्नलला स्वतःहून ठरवणं शक्य नव्हतं, तिथे त्याने तो निर्णय कंपाइल करणाऱ्याकडे सोपवला. आजच्या मेन्यूत त्या सगळ्या टप्प्यांचे अवशेष एकाखाली एक पडलेले आहेत.

सगळं बायॉसच्या हाती

१९९०मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी ३८६एसएल हा प्रोसेसर आणला आणि त्यात सिस्टिम मॅनेजमेंट मोड दिला. या मोडमध्ये प्रोसेसर चालू काम मध्येच थांबवतो, फर्मवेअरचा कोड चालवतो आणि परत येतो. ऑपरेटिंग सिस्टिमला याचा पत्ताही लागत नाही. १९९२मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ॲडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे एपीएमचा आराखडा प्रसिद्ध केला. अमेरिकेत एनर्जी स्टार योजना सुरू झाली तेही याच वर्षी. एपीएमची विभागणी सोपी होती: कोणता भाग कधी झोपवायचा हे बायॉस ठरवणार, ऑपरेटिंग सिस्टिमने फक्त 'मी सध्या रिकामी आहे', 'आता सस्पेंड कर' असे निरोप द्यायचे आणि काही घडलं आहे का, हे अधूनमधून विचारत राहायचं.

लिनक्ससाठी हा ड्रायव्हर स्टीफन रॉथवेल यांनी लिहिला आणि १.३.४६ या आवृत्तीत तो अधिकृत कर्नलमध्ये आला. कर्नलने बायॉसच्या कोडमध्ये थेट उडी मारायची आणि तिथून सुखरूप परत येण्याची आशा धरायची, असा हा व्यवहार होता. ती आशा दर वेळी फळाला येत नसे. काही मशीनवर रिकाम्या वेळी बायॉसला हाक मारली की मशीन जागच्या जागी गोठे, म्हणून ती हाक मारायची की नाही हा वेगळा पर्याय झाला. बायॉसचा कोड चालू असताना कर्नल सावधगिरी म्हणून इंटरप्ट बंद ठेवी. ज्या बायॉसला ते लागतात त्याने स्वतः चालू करून घ्यावेत अशी अपेक्षा होती. कित्येक थिंकपॅड लॅपटॉपचे बायॉस तसं करत नसत आणि सस्पेंड करताना अडकून बसत. त्यातून इंटरप्ट चालू ठेवण्याचा पर्याय आला. मेन्यूतला एपीएमचा विभाग अशा तडजोडींनी भरला आहे. चुकीचा कोड बायॉसच्या चिपमध्ये होता, कर्नलला तो दुरुस्त करता येत नव्हता आणि मशीन कोणतं आहे हे खात्रीने ओळखण्याची सोयही त्या काळी तोकडी होती. मग विचारायचं कुणाला? कर्नल बांधणाऱ्यालाच.

एपीएमची दुसरी मर्यादा जास्त खोल होती. एकापेक्षा जास्त प्रोसेसर असलेल्या मशीनचा त्यात विचारच नव्हता. त्यामुळे असं मशीन दिसलं की लिनक्स एपीएम जवळपास पूर्ण बंद करतो. बूट पॅरामीटरने, म्हणजे कर्नल सुरू होताना दिलेल्या सूचनेने, सांगितलं तर निदान शटडाऊननंतर वीज तोडण्यापुरतं ते वापरता येतं.

एसीपीआय आणि दुसऱ्याने लिहिलेला बाइटकोड

डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय (ॲडव्हान्स्ड कॉन्फिगरेशन अँड पॉवर इंटरफेस) या आराखड्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि विभागणी उलटी झाली. आता धोरण ऑपरेटिंग सिस्टिम ठरवणार, फर्मवेअर फक्त हार्डवेअरचं वर्णन आणि ते हाताळायची कृती पुरवणार. सगळी गुंतागुंत या कृतींत आहे. त्या साध्या तक्त्यांत मावत नाहीत. एएमएल नावाच्या बाइटकोडमध्ये लिहिलेल्या असतात आणि तो चालवायला कर्नलच्या आत एक इंटरप्रिटर लागतो. लिनक्समध्ये इंटेलचा एसीपीआयसीए हा संच वापरतात. सुरुवातीचं बरंच काम अँडी ग्रोव्हर यांनी केलं, नंतर लेन ब्राउन आणि पुढे राफाएल व्हिसोत्स्की यांनी ही जबाबदारी सांभाळली.

एखाद्या कंपनीने लिहिलेला, स्रोत हाती नसलेला कोड कर्नलच्या अधिकाराने चालवायचा ही कल्पना अनेकांना मान्य नव्हती, आणि त्यांचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. व्यवहारात त्रास झाला तो आणखी एका कारणाने. मदरबोर्ड बनवणारे आपला बाइटकोड विंडोजवर चालला की काम संपलं असं धरत. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ज्या चुका पोटात घालत असे, त्या इंटेलच्या कंपायलरला खुपत. म्हणून लोक आपल्या लॅपटॉपमधला डीएसडीटी हा मुख्य तक्ता बाहेर काढायचे, त्याचं वाचनीय रूप करायचे, चुका सुधारायचे आणि दुरुस्त तक्ता कर्नलच्या इमेजमध्येच बसवायचे. मेन्यूतला 'कस्टम डीएसडीटी' हा पर्याय याच कामासाठी आहे. वर्षानुसार एसीपीआय बंद ठेवण्याचाही एक पर्याय होता: चार आकडी साल लिहायचं आणि बायॉसची तारीख त्याआधीची असली की कर्नल एसीपीआयच्या वाटेला जात नसे. बिघाडाची नेमकी यादी करणं अशक्य झालं, तेव्हा वयावरून भरवसा ठरवला गेला.

'तू कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहेस' हे फर्मवेअरला विचारता यावं म्हणून एसीपीआयमध्ये एक सोय आहे. 'तू लिनक्स आहेस का' या प्रश्नाला कर्नल पूर्वी हो म्हणत असे. अडचण अशी की फर्मवेअर लिहिणारे त्या उत्तरावरून कोणत्या तरी एका जुन्या आवृत्तीतली उणीव झाकणारा कोड घालत. कर्नल पुढे जाई, तो कोड मात्र बायॉसमध्ये तसाच राही. २.६.२३पासून कर्नल या प्रश्नाला नाही म्हणतो, आणि विंडोजच्या आवृत्त्यांबद्दल विचारलं तर हो म्हणतो. ज्या वाटेची कारखान्यात चाचणी झालेली असते तीच वाट धरणं जास्त सुरक्षित, हा त्यामागचा विचार. तत्त्व म्हणून हे कडू आहे, पण यामुळे असंख्य मशीन नीट झोपू-उठू लागली.

झोपवणं सोपं, उठवणं अवघड

हायबरनेशनचा प्रवास स्वतंत्र आहे. मेमरीतलं सगळं डिस्कवरच्या स्वॅप या राखीव जागेत लिहून मशीन बंद करायचं, यासाठी फर्मवेअरची मदत फारशी लागत नाही. गाबोर कुटी आणि पावेल माखेक यांचं स्वॅप सस्पेंडचं काम २००२मध्ये २.५ मालिकेत आलं. पुढच्या वर्षी पॅट्रिक मोशेल यांनी त्याचीच वेगळी शाखा केली आणि काही काळ एकाच कर्नलमध्ये एकाच कामासाठी दोन पर्याय होते. २००४मध्ये ते पुन्हा एक झाले. नायजेल कनिंगहॅम यांची सस्पेंड२, पुढे टक्सऑनआइस, ही तिसरी मांडणी वापरणाऱ्यांत बरीच आवडती होती, पण ती मुख्य कर्नलमध्ये कधीच आली नाही. २००७मध्ये मेन्यूतलं 'सॉफ्टवेअर सस्पेंड' हे नाव जाऊन 'हायबरनेशन' आलं. त्याच्या शेजारी असलेला, लिहून ठेवलेली मेमरीची प्रतिमा डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवरून परत वाचायची हे सांगणारा पर्याय साधा दिसतो. पण झोप आणि जाग यांच्या मधल्या काळात दुसऱ्या सिस्टिमने तीच फाइलसिस्टिम माउंट केली तर डेटा बिघडतो, आणि या मार्गाने लोकांनी खरोखर डेटा गमावला आहे.

मेमरीत झोपवण्याची, म्हणजे एस३ची, अडचण निराळी. उठताना मशीन अडकलं तर स्क्रीन काळी, कीबोर्ड बंद, लॉग लिहायला डिस्क नाही. नक्की कोणता ड्रायव्हर अडला हे कळायचं कसं? २००६मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी यावर एक विलक्षण उपाय लिहिला. मशीन जबरदस्तीने रीबूट केलं तरी टिकणारी जागा म्हणजे बॅटरीवर चालणारं घड्याळ. म्हणून उठण्याच्या प्रत्येक टप्प्यावर, कोणता कोड आणि कोणतं डिव्हाइस चालू आहे याचा एक हॅश (त्यावरून काढलेला छोटा आकडा) त्या घड्याळात तारीख-वेळ म्हणून लिहायचा. रीबूटनंतर तो वाचला की अडकलेली जागा सापडते. घड्याळ अर्थातच चुकतं, आणि मेन्यूतला घड्याळाबद्दलचा इशारा याचसाठी आहे. इतक्या थोड्या साधनांत काढलेली ही युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

टिक

२.४मध्ये एक्स८६वर टायमर सेकंदाला १०० वेळा वाजत असे, यातला प्रत्येक ठोका म्हणजे टिक. २.६मध्ये तो आकडा १००० झाला. प्रतिसाद सुधारला, पण करण्यासारखं काहीही नसताना प्रोसेसरला दर मिलिसेकंदाला जागं व्हावं लागू लागलं. गाढ झोपेच्या अवस्थेत जायला आणि तिथून परत यायलाच वेळ आणि वीज लागते, त्यामुळे इतक्या छोट्या डुलक्यांचा उपयोग नसतो. लॅपटॉपवाल्यांच्या तक्रारी वाढल्या आणि २००५मध्ये २.६.१३पासून १००, २५० की १००० हे कंपाइल करताना निवडायचा पर्याय आला. न निवडल्यास २५०. यावर जोरदार वाद झाला, कारण सर्व्हर, डेस्कटॉप आणि लॅपटॉप तिघांना पटेल असा एक आकडा नव्हताच.

खरा तोडगा आकडा बदलण्यात नव्हता. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांच्या कामातून एप्रिल २००७मध्ये २.६.२१मध्ये टिकलेस कर्नल आला: पुढचं काम कधी आहे ते बघायचं आणि तोवर टायमर लावायचाच नाही. पुढच्याच महिन्यात इंटेलमधून पॉवरटॉप हे साधन आलं, ज्यात प्रोसेसरला कोण किती वेळा उठवतं याची नावानिशी यादी दिसे. मग लक्षात आलं की कर्नल गप्प बसला तरी असंख्य प्रोग्रॅम उगाच, ठरावीक वेळाने काही बदललं का ते बघायला जागे होतात. त्यानंतर कित्येक प्रोग्रॅम दुरुस्त झाले. २.६.२४मध्ये सीपीयूआयडल आलं आणि किती गाढ झोपायचं याचा अंदाज बांधण्यासाठी वेगळे गव्हर्नर, म्हणजे धोरण ठरवणारे भाग, झाले.

प्रोसेसरचा वेग बदलण्याची गोष्ट याला समांतर गेली. इंटेलचं स्पीडस्टेप, एएमडीचं पॉवरनाऊ आणि ट्रान्समेटाचं लाँगरन यांना एका छत्राखाली आणणारं सीपीयूफ्रेक २.६मध्ये होतं, २००४मध्ये ऑनडिमांड गव्हर्नर आला, २०१३मध्ये इंटेलचा स्वतंत्र पीस्टेट ड्रायव्हर आणि २०१६मध्ये थेट शेड्युलरच्या (प्रोसेसरला कामं वाटून देणाऱ्या भागाच्या) आकड्यांवर चालणारा शेडयूटिल. सुरुवातीचा गव्हर्नर कोणता हे मात्र वर्षानुवर्षं कंपाइल करतानाच ठरत होतं. ते बूट पॅरामीटरने बदलण्याची सोय ५.९मध्ये, २०२०मध्ये आली.

सगळं मशीन नाही, एकेक भाग

२००९मध्ये २.६.३२मध्ये रनटाइम पॉवर मॅनेजमेंट आलं. मशीन चालू असतानाच न लागणारं डिव्हाइस झोपवायचं, हा त्यातला विचार. त्यासाठी आधी वेगळा पर्याय होता. सस्पेंड हवं पण रनटाइम नको, रनटाइम हवं पण सस्पेंड नको, अशा जोड्यांमुळे ड्रायव्हरमध्ये अटींचं जंगल माजलं आणि २०१५च्या सुरुवातीला आलेल्या ३.१९मध्ये तो पर्याय मुख्य पीएम (पॉवर मॅनेजमेंट) पर्यायात विलीन झाला. माझ्या मते हा मेन्यूतला सर्वांत शहाणपणाचा बदल. पर्याय वाढवणं सोपं असतं. एक पर्याय काढायचा तर त्यामागच्या प्रत्येक ड्रायव्हरची जबाबदारी घ्यावी लागते.

रनटाइम पॉवर मॅनेजमेंट आलं त्याच सुमारास अँड्रॉइडच्या वेकलॉकवरून मोठा संघर्ष झाला. फोनने सतत झोपायचाच प्रयत्न करावा आणि ज्याला जागं राहायचं असेल त्याने लॉक धरावा, ही अँड्रॉइडची पद्धत कर्नलच्या अनेक जुन्या विकसकांना पटत नव्हती. दोन-तीन वर्षांच्या वादानंतर आधी वेकअप इव्हेंट, म्हणजे मशीनला जागं करणाऱ्या घटना, मोजण्याची यंत्रणा आली आणि २०१२मध्ये ३.५मध्ये ऑटोस्लीप आणि वेकलॉक हे दोन पर्याय मेन्यूत आले. साध्या लॅपटॉपसाठी कर्नल बांधताना ते सहसा लागत नाहीत.

डिफॉल्ट किती सावधपणे ठरवावे लागतात हे साटा या डिस्क जोडणीच्या उदाहरणात दिसतं. डिस्कची जोडणी सर्वांत कमी विजेवर ठेवली की काही एसएसडीवर डेटा बिघडण्याचा धोका होता. म्हणून २०१८मध्ये विंडोजच्या ड्रायव्हरच्या नेहमीच्या वागण्याशी जुळणारी एक मधली पातळी आणली गेली आणि लॅपटॉपवर सुरुवातीला कोणती पातळी असावी हे कंपाइल करताना ठरवायची सोय झाली. लिनक्सचं वितरण (डिस्ट्रो) तयार करणाऱ्यांना ही सोय हवीच होती, कारण एकच कर्नल लाखो वेगवेगळ्या मशीनवर जाणार असतो.

दरम्यान निर्णयाची जागा पुन्हा सरकते आहे. इंटेलच्या स्कायलेकपासूनच्या प्रोसेसरमध्ये वेग ठरवण्याचं काम प्रोसेसर स्वतः करू शकतो. कर्नल फक्त कल सांगतो, कामगिरीकडे झुकायचं की बचतीकडे. बऱ्याच नव्या लॅपटॉपचं फर्मवेअर एस३ देतच नाही, त्यामुळे ३.९मध्ये आलेली, पूर्णपणे कर्नलने सांभाळायची सस्पेंड-टू-आयडल ही अवस्थाच तिथे उरते. तिच्यात एखाद्या ड्रायव्हरने आपलं डिव्हाइस नीट झोपवलं नाही तर मशीन झोपल्यासारखं दिसतं आणि बॅटरी मात्र उतरत राहते. अशा मशीनसाठी कर्नल बांधत असाल तर पीएम डीबग चालू ठेवा आणि चिपसेटच्या झोपेचा हिशेब देणारा पीएमसी ड्रायव्हर वगळू नका. गाढ झोपेत प्रत्यक्ष किती वेळ गेला हे त्यातून दिसतं, आणि तो आकडा शून्य असेल तर शोध तिथूनच सुरू करावा लागतो.