पायातली कडी पक्ष्याचा ठावठिकाणा सांगत नाही

पायात कडी असलेला पक्षी सापडला की 'यात चिप आहे, कोणीतरी नजर ठेवतंय' अशी चर्चा सुरू होते. हा समज चुकीचा आहे आणि पक्ष्यांसाठी घातकही आहे, कारण हेर ठरवून पकडलेल्या पक्ष्याचे हालच होतात.

पक्षी-अभ्यासक घालतात ती कडी म्हणजे फक्त धातूचा वळवलेला पट्टा. त्यावर क्रमांक आणि बहुतेकदा संस्थेचे नाव. बॅटरी नाही, की संदेश पाठवण्याची कुठलीही सोय नाही. उदाहरणार्थ, बहिरी ससाणा या शिकारी पक्ष्याची पिल्ले सुमारे तीन आठवड्यांची झाली की त्यांच्या पायात ती घालतात. तोवर पायाची जाडी जवळपास पूर्ण झालेली असते. मादीचे पाय जाड, म्हणून तिची कडी मोठी. पुढे तो पक्षी कोणाला सापडला किंवा दुर्बिणीतून क्रमांक वाचता आला, तरच काही कळते. पिलांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्याच वर्षी दगावतात. बहुतेकांची खबरही लागत नाही.

प्रवासाचा माग काढते ते उपकरण वेगळे: पाठीवर पट्ट्यांनी बांधलेला, अनेकदा सौरऊर्जेवर चालणारा उपग्रह ट्रान्समीटर. वजन साधारणपणे पक्ष्याच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवतात. आर्क्टिक युरेशियातल्या (युरोप-आशियाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या भागातल्या) ५६ बहिरी ससाण्यांच्या स्थलांतराचे मार्ग असेच टिपले गेले. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेतले काही बहिरी ससाणे हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतात.

म्हणून कडीवाला पक्षी दिसला तर क्रमांकाचा फोटो काढा, तारीख-ठिकाण लिहा आणि कडीवरच्या संस्थेला किंवा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. जिवंत पक्ष्याची कडी मात्र काढू नका.