शेंगेत सुई टोचून जीएम भाजी होत नाही

शेंगेत इंजेक्शनची सुई खुपसलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. खाली सल्ला असतो: बाजारातल्या गुळगुळीत, एकसारख्या शेंगा घेऊ नका, त्या जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या आहेत. हे साफ खोटं आहे. भारतात एकाही जीएम भाजीच्या लागवडीला परवानगी नाही; बीटी वांग्याला 2010 साली स्थगिती मिळाली. नागपूरच्या आसपास शेतात आहे तो बीटी कापूस, 2002 पासून. गुळगुळीतपणा येतो तो निवडक बियाण्यामुळे.

आणि जनुक सुईनं जातही नाही. ते बहुतेकदा नेतो मातीतला एक जिवाणू, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. त्याची करामत मला निसर्गातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

गुलाबाच्या बुंध्याशी कधीकधी खरबरीत गाठ येते, ती याचीच. झाडाला जखम झाली की तिथून अ‍ॅसिटोसिरिंगोनसारखी रसायनं झिरपतात. जिवाणूचं व्हिर-ए प्रथिन ती चाहूल घेतं, व्हिर-जीला जागं करतं आणि डीएनए पोचवण्याचं काम करणारी बाकीची व्हिर जनुकं कामाला लागतात. जिवाणूत टीआय प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं वेगळं कडं असतं, त्यावर एक ठरावीक तुकडा असतो. त्याच्या दोन्ही सीमांवर डीएनएच्या 25 अक्षरांची खूण. तिथे व्हिर-डी-2 डीएनएचा एकच धागा कापतं, पण सोडून देत नाही. धाग्याच्या टोकाला चिकटून, इंजिनानं डबे ओढावेत तसं त्याला वनस्पतीच्या पेशीत, थेट केंद्रकापर्यंत नेतं. पेशीत पोचताच व्हिर-ई-2 धाग्याभोवती आवरण घालतं, नाहीतर तिथली विकरं त्याचे तुकडे करतील. गाठ आणणारी जनुकं काढून त्या सीमांमध्ये आपलं जनुक ठेवलं तरी जिवाणूचं काही अडत नाही. त्याला सीमा कळतात, मधला मजकूर नाही.

राजमा-घेवड्याचं घोडं अडतं ते यापुढे. अंकुरलेल्या बियांचे काप जिवाणूच्या द्रावणात बुडवून दोन-तीन दिवस एकत्र वाढवले आणि 'गस' या खुणेच्या जनुकाची (ते पोचलं की चाचणीत पेशी निळी दिसते) चाचणी केली, तर कापाच्या कडेला गडद निळे ठिपके उमटतात. दिसायला सुरेख, पण ठिपका म्हणजे रोप नव्हे. बऱ्याच ठिकाणी नवा डीएनए गुणसूत्रात शिरलेलाच नसतो, थोडे दिवस काम करून विरून जातो. जिथे शिरतो त्या पेशी बहुधा कडेच्या. कोंब फुटतो तो आतल्या, आधीच तयार असलेल्या विभाजी ऊतीतून, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींच्या थरातून. मग एकाच कोंबात काही पेशी बदललेल्या, काही जुन्याच, आणि बियांत ते जनुक उतरेलच याची खात्री नाही. तंबाखूच्या पानाच्या तुकड्यातून अख्खं रोप सहज उभं राहतं, राजम्यात ते फार कठीण. कापसातही हीच रड: कोकर या अमेरिकन कापसाच्या जातीतून रोप मिळतं, आपल्या बहुतेक वाणांतून मिळत नाही.

ब्राझीलच्या एम्ब्रापा संस्थेनं म्हणून जनुकबंदूक वापरली. डीएनए माखलेले धातूचे सूक्ष्म कण थेट कोंबाच्या टोकावर मारले. पानांवर पिवळे डाग पाडणाऱ्या सोनेरी मोझॅक विषाणूचं एक जनुक गप्प करणाऱ्या त्यांच्या राजम्याला 2011 मध्ये मंजुरी मिळाली. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. विदर्भातल्या सोयाबीनवरचा पिवळा मोझॅकही तीच पसरवते.